धरणाची जागा

कौसल्येनं चहा टाकला, पण साखर घातली की नाही ते तिला आठवेना. चाखून पाहायचीही इच्छा नव्हती. पडवीत घरचीच माणसं बसली होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नवरा, बाबाराव, बाजेवर. थोरला धम्मरत्न दाराच्या चौकटीला टेकून. धाकटा राजदीप लांब, गोठ्याच्या भिंतीशी उकिडवा. परवा सांजेपासून तो तसाच बसत होता, जिथं बसेल तिथं, पाय पोटाशी घेऊन.

परवा सांजेला त्याच्या बोटीवरून एक पाहुणा धरणात पडला आणि मेला. नयन त्याचं नाव. मारेगावकडचा, जेमतेम पंचविशीतला. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून ढाणकीला सासुरवाडीत आला होता. मेहुण्यांनी हौसेनं जावयाला धरण दाखवायला आणलं, बायकोसकट बोटीत बसवलं, आणि जावई चौघांच्या खांद्यावर परत गेला. दिवाळसण म्हणे. असा सण वैऱ्यालाही नको.

दुपारी ठाणेदार धरणावर येणार होते. बोट जिथं बांधून ठेवली होती तिथं सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं. त्याआधी घरात काय ते ठरायला हवं होतं, आणि ठरवणार कोण, तर बाबाराव. त्या घरात आजवर दुसऱ्या कुणी काही ठरवल्याचं आठवत नाही. राजदीपनं तीन वर्षांपूर्वी कापूस सोडून बोट घेतली तेवढी एक गोष्ट सोडून, आणि त्यावरून जो दंगा झाला होता तो गावानं ऐकला होता.

झालं काय होतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कुणालाच नव्हतं. सगळी गोम इथंच होती.

लागोपाठ दोन वर्षं धरण भरलं नव्हतं. वरच्या अंगाची जमीन उघडी पडली होती, काळीभोर, लोण्यासारखी. अशा जागेत गावचे लोक पेरून घेतात, गाळपेर म्हणतात तिला. तिचा एकच नेम, पण तो कडक. शेवटची वेचणी झाली की आखाडीच्या आत सगळं उपटून न्यायचं. कापसाची पऱ्हाटी, खुंट, कुंपण, सुतळीचा तुकडासुद्धा ठेवायचा नाही. धरणाची जागा धरणाले सोपून द्यावी, असं म्हातारे म्हणत. हा नेम घालून देणाऱ्यांत बाबाराव पहिले होते, कारण धरणात पहिली जमीन त्यांच्याच बापाची गेली होती.

गेल्या साली बोंडअळीनं सगळ्यांचा कापूस आतून पोखरला. बोंड फोडावं तर आत किडा आणि काळी भुकटी. धम्मरत्नचं वरचं वावर गेलं. गाळपेरीत थोडं हाती लागलं, म्हणून त्यानं तिथं फरदड ठेवली. म्हणजे पऱ्हाटी उपटायची नाही, तिलाच पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायला लावायची. कृषिवाले ओरडून सांगत होते की फरदडीनंच अळी वाढते. पण ज्याचं गेलं त्याला ओरडण्याचं काय. रानडुकरं घुसू नयेत म्हणून भोवती जुन्या साड्यांचं कुंपण होतं. त्याच्या बायकोच्या म्हणजे शीलाच्या, कौसल्येच्या, शेजारणींकडून मागून आणलेल्या. जेठात शीलानं एका बाजूच्या सोडल्यासुद्धा होत्या. धम्मरत्ननं तिला थांबवलं. पाऊस कुठं येऊन राह्यला, म्हणाला, पुन्हा अठीच पेरू, कायले दोनदा मरमर कराची. मग श्रावणात चार दिवस आभाळ फाटलं आणि धरण भरलं. पऱ्हाटी, खुंट आणि साड्या, सगळं पाण्याखाली गेलं.

राजदीपनं विचारलं होतं. दादा, साड्या काढल्या ना तठच्या? जेवून हात धुता धुता धम्मरत्न म्हणाला होता, काढल्या.

परवा नयनच्या बायकोला बुडत्या सूर्याचा फोटो हवा होता. राजदीप एरवी धरणातल्या बेटावरून परतताना लांबून वळसा घेई, परवा त्यानं वरच्या अंगानं, कडेकडेनं बोट आणली. नयननं फोटोसाठी अंगावरचं तरंगायचं जाकीट काढलं. राजदीपनं पाहिलं आणि काही बोलला नाही, पाहुण्याला सणासुदीला काय टोकायचं म्हणून. बोटीच्या पंख्यात साडी गेली, मशीन अडकलं, बोटीनं हिसका दिला. नाकाशी उभा असलेला नयन पाण्यात पडला तो हसतच. पोहायला लागला. मेहुणेही हसत होते. मग तो हात मारीत राहिला आणि पुढे सरकेना.

तिसऱ्या बुडीत राजदीपला तो सापडला. पायाला साडी गुंडाळलेली. त्यानं ती सोडवली, त्याला वर आणलं, विळ्यानं पंख्यातली चिंधी कापली आणि रडणाऱ्या माणसांना काठाला आणून सोडलं. अंधारात त्या लोकांना वाटलं पाणगवत असेल. राजदीपनं मात्र कापतानाच ओळखली होती. हळदी रंगाची, निळ्या काठाची. वयनी ती नेसून त्याच्या दहावीच्या निकालाचे पेढे वाटत गावभर फिरली होती.

ठाण्यात त्यानं सांगितलं, मी वळण जोरात घेतलं, चूक माही.

आता बाबाराव म्हणत होते की तेच खरं. तेच पुढं चालवायचं. त्यात एवढंच जोडायचं की पोरं पिऊन होती, उभी राहून नाचत होती. मेहुणे प्यायलेले होतेच, काठावर बाटल्या सापडल्या होत्या. जावई काय सोवळा असेल? साड्यांचं नाव काढलं तर धम्मरत्न आत जाईल. त्याच्यामागे दोन लेकरं, बायको, वावर. राजदीपमागे कोण? म्हातारा हे बैलजोडीतला कोणता विकावा अशा सुरात बोलत होता, पण हातातला चहा तसाच निवत होता.

"मी एकटा हाये," राजदीप भिंतीपासून म्हणाला. "मी जातो."

धम्मरत्नला हे नको होतं. राजदीपनं भांडावं, अंगावर धावून यावं, दादा तू खोटं बोलला असं सगळ्यांसमोर म्हणावं, अशी तो सकाळपासून वाट पाहत होता. एकदा तो म्हणाला असता तर आपण उठून कबूल केलं असतं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण धाकटा म्हणेना. उलट मघाशी त्यानं दादाच्या पोराला मांडीवर घेऊन त्याची नाडी बांधून दिली होती. धम्मरत्न चौकटीला टेकूनच राहिला. माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला चांगुलपणासाठी नेहमी दुसऱ्याचा धक्का लागतो.

तेवढ्यात पायल आली. घाटंजीला दिलेली, दोघांच्या मधली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं राजदीपच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बापासारखा होत गेला.

तिनं एवढंच विचारलं की कुंपण अजून तिथंच आहे ना. बाबाराव म्हणाले, दोन पुरुष पाणी आहे तिथं, होळीपर्यंत उतरेल, तेव्हा गुपचूप काढून टाकू. पायल म्हणाली, आणि तोपर्यंत? देवसिंगची बोट आहे, फुलसिंगची आहे. आज ठाणेदार पाहून गेले की उद्यापासून ते पाहुणे घेऊन त्याच पाण्यातून जातील. त्यातलं कोण पडलं तर? बाबाराव म्हणाले, देवसिंगला मी सांगीन, कडेनं नको जाऊ. काहून, असं तो विचारेल, तेव्हा काय सांगाल?

"बाबा, सांजेले विहारात पंचशील तुमीच म्हणता ना?" पायल म्हणाली. "आज चौथं शील, खोटं न बोलाचं, म्हणान का मधातून गाळान?"

बाबाराव उठले. पोरीवर हात उचलायचं वय दोघांचंही गेलं होतं. ते एवढंच म्हणाले की लग्न झालेल्या पोरीनं पाहुणीसारखं यावं, पाहुणीसारखं जावं. आणि न प्यालेला चहा अंगणात फेकून दिला.

पायल रांधणीत गेली. तिथं शीला पीठ मळत होती. कोण जेवणार होतं देव जाणे, पण हाताला काम हवं. पायल तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, वयनी, तू बोल. साड्या तू सोडत होती, दादानं थांबवलं, हे तूच सांगू शकते. राजदीपले वाचव.

शीलाला हसूच आलं, वाईट हसू. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा राजदीप चड्डीत होता. त्याचा अभ्यास तिनं घेतला, ताप आला तर उशाशी ती बसली. बोट घ्यायची म्हणून सगळं घर त्याच्यावर उठलं तेव्हा त्याच्या बाजूनं ती एकटी बोलली होती, आणि तेव्हा हीच पायल बापाच्या बाजूला होती. आता सगळी उलटापालट. तिला राजदीप हवा होता. पण नवराही हवा होता, आणि दोन्ही हवेत असं म्हणायची सोय त्या दिवशी नव्हती. जेठात त्यांनी माझं ऐकलं असतं, हे ती परवापासून मनात घोळवत होती, आणि आपलं बरोबर होतं याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. ती पायलला म्हणाली, तुम्ही उद्या घाटंजीला जाल, मला इथंच राहायचं आहे, नवऱ्याला धाडून याच चुलीपुढं बसायचं आहे. तुम्हाला बोलायचं तर तुम्ही बोला.

पायलनं मान खाली घातली. कारण तिलाही ते जमणार नव्हतं. घरात बापाशी भांडणं वेगळं आणि ठाणेदारापुढं सख्ख्या भावाकडं बोट दाखवणं वेगळं. शीलानं पिठाचा गोळा पुन्हा मळायला घेतला.

कौसल्या दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही याचं तिला बरंच वाटलं.

धरणावर ऊन होतं, पण थंड. एरवी दिवाळीच्या सुट्टीत इथं उमरखेड, पुसद, कुठून कुठून गाड्या येत. भजी तळली जात, लेकरं पाण्यात दगड मारत. आज भज्यांच्या हातगाडीवाल्यानं कढईसुद्धा लावली नव्हती. राजदीपची बोट बाभळीला बांधलेली होती आणि तिच्या फळीवर भगवी जाकिटं तशीच पडली होती. देवसिंग आणि फुलसिंग आपापल्या बोटींपाशी उभे होते, राजदीपकडे न बघता. त्यांचीही पोटं त्याच पाण्यावर होती, त्यांना दोष कसा द्यावा.

ठाणेदार शांत माणूस होता. त्यानं राजदीपला पुन्हा सगळं विचारलं. राजदीपनं पाठ केल्यासारखं सांगितलं. वळण जोरात घेतलं. जाकीट काढताना मी अडवलं नाही. मग बाबाराव पुढे झाले आणि म्हणाले की साहेब, पोरं पिऊन होती, सारा काठ साक्ष आहे. हे म्हणताना त्यांचा आवाज सभेत बोलावा तसा खणखणीत होता.

जीपच्या पलीकडे एक माणूस बसला होता, तो उठला. धोतर, वर घामट सदरा, डोक्याला रुमाल. नयनचा बाप, मारोतराव. परवा रात्री निघून दोन गाड्या बदलून आला होता, आणि ढाणकीतच पोराची राख सावडून सरळ इकडे आला होता. तो भांडायला येतोय असं वाटून जमादार मधे झाला. पण त्यानं हात जोडले.

"माह्या पोरगा पीत नव्हता," तो म्हणाला. "पीत असता तरी मी कोनाले काय म्हनलं असतं. पन तो वर्धेच्या पुरात पोहनारा पोरगा होता, साहेब. म्हशीचं शेपूट न धरता पल्याड जाये. त्याची माय मले इचारून राह्यली, आपला नयन पान्यात मरतेच कसा. मी तिले काय सांगू? पिऊन मेला सांगू?"

मारोतराव ठाणेदाराकडे बघून हे म्हणाला होता, मग त्यानं एकेकाकडे पाहिलं. बाबारावांकडे. धम्मरत्नकडे. धम्मरत्न पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग त्यानं बायकांकडे पाहिलं आणि त्याची नजर कौसल्येवर थांबली, कदाचित ती त्याच्या बायकोच्या वयाची होती म्हणून.

कौसल्या काही ठरवून आली नव्हती. खरं सांगायचं तर तिनं मनात वेगळाच विचार केला होता. राजदीप जाईल, वर्ष-दोन वर्षांनी येईल, आपण त्याचं लग्न करू. धम्मरत्न गेला तर लेकरं उघडी पडतील. बाबारावांचं म्हणणं तिला पटलं होतं. पण तिकडे मारेगावात एक बाई बसली होती आणि तिला तिचा मेलेला पोरगा दारुडा होता असं कळवलं जाणार होतं, आणि ते कळवायची तयारी आपल्या दारात, आपल्या हातच्या चहावर झाली होती. हे तिला सोसवेना.

"तो पोहतच होता, भाऊ," ती म्हणाली. "त्याच्या पायात साडी गुतली. तठी खाली आमचं कुंपन हाये, गाळपेरीचं. काढाचं राह्यलं. साड्या आमच्याच घरच्या हायेत."

"माय," राजदीप ओरडला. एवढाच एक शब्द.

बाबाराव मटकन खाली बसले. ठाणेदारानं विचारलं, कुंपण कुणाचं, पेरलं कुणी. कौसल्या बोलणार तोच धम्मरत्ननं मान वर केली. इतका वेळ लागला, पण केली. म्हणाला, माह्यं. बायकोनं सोडाले घेतलं होतं, मीच थांबवलं. भावानं इचारलं तर काढलं म्हनून सांगतलं. त्याले मालूम नव्हतं. हे सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता, आणि सांगून झाल्यावर त्यानं मोठा श्वास घेतला.

देवसिंगनं आपल्या बोटीकडे पाहिलं, मग कडेच्या पाण्याकडे, आणि दोर खुंटाला आणखी एक वेढा दिला. मारोतराव म्हणाला, म्हणजे पोहत होता. पुन्हा एकदा म्हणाला, पोहत होता. मग डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर धरला आणि उभ्या उभ्या रडला. त्यानं कुणाला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. पोरगा कुठं सापडला ती जागा दाखवा म्हणाला. राजदीपनं हात लांब करून दाखवली.

कौसल्येला वाटलं होतं की आता निदान धाकटा सुटेल. एका पोराच्या जागी दुसरा पोरगा, इतका हिशेब तिच्या मनात त्या क्षणात झाला होता, नाही म्हणू नये. पण ठाणेदारानं तिला समजावून सांगितलं, अगदी आईशी बोलावं तसं. जाकीट काढू दिलं ते यानंच, बोट यानंच हाकली, वर ठाण्यात खोटं सांगितलं. आणि कुंपण त्याचं. दोघांनाही यावं लागेल, बाई. दोघांनाही.

जीपमध्ये आधी राजदीप चढला आणि त्यानं दादाला हात दिला. धम्मरत्ननं धरला. मागच्या बाकावर दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. राजदीपनं आईकडे पाहिलं नाही. धम्मरत्ननं पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे बरं केलंस की वाईट केलंस ते तिला कळलं नाही, पुढं कितीतरी दिवस ती त्याचा अर्थ लावीत राहिली.

जीप गेली. लोक पांगले. पायल बापाला उठवायला गेली, तर त्यांनी तिचा हात झटकला, आणि मग थोड्या वेळानं स्वतःच तो धरला. कौसल्या शीलाजवळ गेली. म्हणाली, चाल पोरी, लेकरं घरी वाट पाहत असतील.

शीलानं पदर खोचला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मामी," ती सासूला म्हणाली, "तुमचे दोन होते, म्हनून तुमाले बोलता आलं. मले एकच होता."

आणि ती पुढं चालू लागली. कौसल्या तिच्या मागून निघाली, जरा अंतर राखून.